कडी लावल्यावर

वाघ आमच्याकडे उसात राहतो.
बिबट्या म्हणतात ते साहेब लोक.
आम्ही नावच घेत नाही,
'त्याचा फेरा होता रात्री', एवढंच.

गेल्या थंडीत चांगुणाबाईंच्या गोठ्याचा कूड फाडून
त्यानं बोकड उचलला.
वनखात्याची गाडी आली, पंचनामा झाला,
ओल्या मातीतले ठसे टेप लावून मोजले
आणि जाताना बजावलं,
जनावरं उघड्यावर ठेवू नका.

नाही ठेवली.
दिवस मावळला की तीन शेळ्या, एक पाठ
उंबऱ्याच्या आत.
दहा बाय बाराची खोली, वर पत्रा.
चुलीच्या अंगाला त्या, टीव्हीच्या अंगाला आम्ही,
मधे पोती उसवून शिवलेला पडदा.
कडी लावली की वाटायचं, सुटलो.

ईश्वरी पाठीला पाठ लावून झोपायची.
नाव पण तिनंच ठेवलेलं, गुलछडी.
पहाटेच्या गारठ्यात दोघींची एकच वाफ.

गुलछडीच्या कानात गोचीड होते,
एरंडाच्या बियांसारखे, टपोरे, राखी.
त्यांचं काय एवढं?
शेळी म्हटली की गोचीड, पत्रा म्हटला की गंज.
औषधाची बाटली ओतूरला मिळते,
माझी दीड दिवसाची मजुरी.
आणि फवारायचा पंप काशिदांचा,
तो मोकळा होतो टोमॅटो संपल्यावर.

मग ताप.
मलेरिया नाही, डेंगू नाही, टायफॉइड नाही,
तीन कागद, तिन्हींवर नाही.
पाचव्या दिवशी तळहातावर लाल ठिपके,
तळपायावरसुद्धा.
सासूबाईंनी दाराला कडुनिंब बांधला.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात
एक बारकी डॉक्टरीण, माझ्या धाकट्या बहिणीएवढी.
तिनं पोरीचे केस बोटांनी बाजूला केले,
जशी मी उवा बघताना करते,
आणि कानामागे पेनाच्या टोकाएवढा काळा डाग दाखवला.
म्हणाली, घरात जनावर असतं का?
मी म्हटलं, छे, कडी लावतो की आम्ही.
ती लिहीत होती, थांबली.

गोळ्या साध्याच निघाल्या.
गोचिडाच्या बाटलीहून स्वस्त.

परत आलो त्या रात्री शेळ्या बाहेर बांधल्या.
अकराच्या सुमाराला कुत्री गप्प झाली.
एकदम. सगळीच.
मी उठले,
दोन दोन करून दावी सोडली, आत घेतल्या.

आता मोबाईलच्या उजेडात बसलेय.
मांडीवर गुलछडीचा कान,
हातात जावेचा भुवयांचा चिमटा,
शेजारी साबणपाण्याची वाटी.
सतरा झाले. अठरावा निसटला,
कुठं गेला दिसत नाही.
ह्यांचे ठसे उमटत नाहीत कुठल्या मातीत.

ईश्वरी झोपेतच सरकत सरकत
पडद्याच्या शिवणीपाशी आलीय.
मी उचलून तिला परत जागेवर ठेवते.

ती परत येते.