एक मिनिट अकरा सेकंद

सासूबाईंच्या तेलुगूत दंवाला मंचू
आणि बर्फालाही मंचूच.
त्यामुळे त्या जाईपर्यंत समजत होत्या
की मल्लेशम फौजेत पायांना फळ्या बांधून
पहाटेच्या दंवावर पळतो
आणि सरकार त्याचा पगार देतं.

गल्लीची समजूत वेगळी.
इथं बर्फ म्हणजे लादी, भुश्शात गुंडाळलेली,
लग्नाच्या मांडवात मोगरीनं फोडायची.
विडी घरकुलात यांना अजून बर्फवाले चिप्पा म्हणतात.
मे महिन्यात एखादा नवा माणूस दारात येऊन विचारतो,
लादी कशी दिली?
हे म्हणतात, संपली.

मी तो बर्फ पाहिलेला नाही.
गुलमर्ग नाही, औली नाही.
मी पाहिला तो उजवा गुडघा,
आतल्या अंगाला सात टाके, वाटीखाली एक स्क्रू.
लोकांचे गुडघे थंडीत दुखतात, हा उन्हाळ्यात.
आणि पाहिली ती इस्त्री,
फळ्यांच्या तळाला मेण लावायची,
निवृत्तीच्या ट्रंकेतून आलेली.
मला काय माहीत. मी तिनं पैठणी फिरवली.
पदरावरचा डाग दाखवला की हे वाकून वास घेतात.

मुलगी झाली त्या वर्षी हे चौथे आले.
तिसऱ्यात आणि यांच्यात चार शतांश सेकंद.
मी विचारलं, म्हणजे किती?
यांनी पापणी मिटून उघडली.
मग म्हणाले, एवढंही नाही.

पत्रात असायचं :
आज एक मिनिट अकरा. काल एक मिनिट तेरा.
तब्येत बरी. मनिऑर्डर केली आहे.
एक मिनिट अकरा सेकंदांत माझ्या अडीच विड्या होतात.
तिसरीचं पान हातात, तंबाखू भरलेली,
दोरा बांधायचा राहिलेला,
तेवढ्यात तिकडे सगळं संपलेलं असायचं,
झेंडे, उतार, टाळ्या असल्या तर टाळ्या.

एकदा कारखान्यात माल द्यायला रांग मोठी होती,
तेव्हा मी बोटांवर हिशेब केला.
अठरा हिवाळे. एकशे चार उतार.
सगळे एकापुढे एक लावले
तर दोन तास, वर तीन मिनिटं.
म्हणजे माझे दहा कट्टे.
कारखान्यानं छाटात काढलेल्या विड्या यात धरल्या नाहीत.
ज्यात हे पडले, तेही उतार धरले नाहीत.
बाकीचे दिवस काय करायचात, विचारलं.
वर चढायचो, म्हणाले.

आता अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
रात्रपाळीचे वॉचमन.
सकाळी घरी येतात तेव्हा भुवयांवर, कानांच्या मागे
सुताची पांढरी लव.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं
असेच दिसत असतील.
सांगितलं तर म्हणाले, छे, हे खाजतं.

परवा चव्वेचाळीस डिग्री, त्यात वीज गेली.
यांना सुट्टी होती. सगळी गच्चीवर.
नातवानं काहीतरी विचारलं असेल,
मी पाणी आणायला खाली होते.
वर येऊन बघते तर माझी सुपं गच्चीभर मांडलेली,
एक डावीकडे, एक उजवीकडे,
तंबाखू झटकून.
आणि हे त्यांच्यामधून, गुडघ्यात वाकून,
हातात काही नाही पण मुठी आवळलेल्या,
डावं सूप, उजवं सूप,
ओठांनी सूऽऽ असा आवाज काढत.
अठ्ठावन्न वर्षांचा माणूस.
शेजारच्या गच्चीवर बत्तुलबाई उठून बसल्या.
मी सुपांवरून ओरडणार होते.
ओरडले नाही.
पोरगं म्हणालं, पायाकडे बघत का नाही आजोबा?
पायाकडे बघितलं की पडतो.
पुढच्या झेंड्याकडे बघायचं.

पहाटे जिना उतरताना मी पुढे होते.
हे आडवे उतरतात आता,
एका पायरीवर दोन्ही पाय आले की पुढची,
एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्याला.
बारा पायऱ्या.
मी मनात मोजत होते, सवय लागली आहे.
एक मिनिट वीस.
सांगितलं नाही.