कम

तेव्हा आमचा जिल्हा दक्षिण सातारा.
सांगली हे फक्त गावाचं नाव, जिल्ह्याचं व्हायचं होतं.
वारणेच्या अल्याड आम्ही, पल्याड कोल्हापूर,
आणि दिल्लीच्या कागदावर दोघं एका दाव्याला:
कोल्हापूर-कम-सातारा.
सटवा कोतवालानं विचारलं,
"मास्तर, ह्ये कम म्हंजे? कुनाचं कमी?"
वडील म्हणाले, "कम म्हणजे नि. मिळून."
"आसं व्हय," म्हणाला,
आणि पेट्या डोक्यावर घेतल्या.

नदीच्या उतारातनं, गुडघाभर पाण्यानं,
दोन खेपांत आणल्या त्यानं सहा लोखंडी पेट्या.
चौथीच्या वर्गात बाकं ढकलून
घोंगड्याचा आडोसा केला.
आत ओळीनं मांडल्या:
मोट, तराजू, चिंचेचं झाड, कोंबडा,
कंदील, आणि पुन्हा कंदील.
जागा दोन, त्यातली एक राखीव.
राखीव उमेदवाराच्या कंदिलाला भोवती वर्तुळ,
एवढाच फरक.
तालुक्याहून ते वर्तुळवालं चित्र आलंच नाही.
साधेच कंदील आले, दोन.

वडिलांनी आईकडनं एक काकण मागून घेतलं,
कंदिलावर ठेवलं
आणि टाक त्याच्या कडेनं फिरवला.
मी आठ वर्षांचा, दौत धरून उभा.
सटवा दारातनं बघत होता.
"आमच्याच मानसाला कडं कशापायी?"
वडिलांनी टाक पुसला.
"ओळखू यावा म्हणून."
"त्यो तर असाबी वळखू येतोय."

माणशी दोन कागद.
दोन्ही एका पेटीत टाकू नका, एक बाद होईल,
हे सांगून सांगून दुपारपर्यंत वडिलांचा घसा बसला.
हौसाक्कानं एक टाकला, दुसरा नथीच्या डबीत नेला.
बंडा गुरवानं जोतिबाच्या पायाशी ठेवला,
म्हणाला, त्यालाबी मत असंल की.
सटवानं दोन्ही टाकले. झटक्यात बाहेर आला,
आणि बोटावरची शाई वाळवीत
दिवस मावळेपर्यंत खांबाला टेकून राहिला,
आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडं बघत.
हातात दोन दिसायचे.
पुढचं घोंगड्याला ठाऊक.

मोजणीला वडील तालुक्याला गेले.
आमच्या गावच्या पेट्या:
साधा कंदील चारशे बारा,
काकणातला दोनशे सत्त्याऐंशी.
आल्यावर त्यांनी माझ्या पाटीवर वजाबाकी मांडली.
एकशे पंचवीस.
तळहातानं पुसली, पाटी परत दिली.

निवडून दोघंही आले.
पल्याडच्या गावांनी भरून काढलं असेल.
आमच्याकडं मात्र पुढं महिनाभर
कौलांच्या सांदीत, दळणाच्या पाटीत,
पागोट्याच्या घडीत कागद सापडत होते.
चारदोन आईनं चुलीला लावले.
एकाची मी होडी केली, ती फार लांब गेली नाही.

सत्तावन्नलाही दोनच कागद.
मग एकसष्टात कायदा आला, जोडजागा मोडल्या.
तोवर आम्ही सांगली झालो होतो.
राखीव जागा कुठं दुसरीकडं गेली म्हणे,
तिथं वेगळं गाव, वेगळी वजाबाकी.
चावडीवर माणसं म्हणाली, बरं झालं, घोळ मिटला.
सटवा शाळेपर्यंत चालत आला.
"मास्तर, दुसरा कागद कुनी नेला?"
"नेला नाही रे कुणी. दोनाचा एक केला."
त्यानं पायताण झटकलं.
"म्हंजे कम."

वडील त्यावर काही बोलले नाहीत.
बोलले असते तरी मला आता आठवलं नसतं.

परवा त्याच शाळेत मत दिलं.
खोली बदललीय, फरशी आहे, पंखा आहे.
यंत्र लांबलचक वाजलं आणि थांबलं.
मी उभाच.
टेबलामागची पोरगी म्हणाली,
"झालं की, आजोबा."
मागं रांग होती.