एकशेएकतिसावं पान

कन्ना चौकातल्या रद्दीवाल्याकडून
विड्यांचे कट्टे गुंडाळायला आणलेल्या कागदांत
ते पुस्तक आलं. पुठ्ठा नाही,
लेखकाचं नाव उंदरांनी नेलेलं.
आत फ्रान्स होतं, एवढं कळायचं
फ्रँकवरून, सफरचंदाच्या दारूवरून,
ओल्या लोकरीच्या टोप्यांवरून.

मी चौथीत. आवाज बरा.
पेंटव्वा पेद्दम्मा मला ओट्यावर बसवायची:
"वाच, पोरा. हात गुंतले की कान रिकामेच असतात."
सहा बायका, सहा सुपं,
सुपात पानं, तंबाखू, बोटाला दोरा,
आणि पलीकडच्या गल्लीत मागांची खटखट
माझ्या प्रत्येक पूर्णविरामावरून चालत जाणारी.

गोष्ट अशी:
बंदरावरच्या जकात कचेरीतला एक कारकून
रोज संध्याकाळी बाहीत लपवून
एक मेणबत्ती घरी आणतो. सरकारी.
बुडाशी शिक्का.
बायको ती पेटवत नाही. पेटीत ठेवते.
एकोणीस वर्षं.
दोघं चुलीच्या उजेडात जेवतात,
अंधारात भांडतात,
पेटी जड होत जाते.
मग तो मरतो, जानेवारीत, खोकून खोकून.
उशाशी उजेड हवा.
कचेरीतली माणसं वाटेवर आहेत.
ती पेटीचं झाकण उचलते,
एका शिक्क्यावरून अंगठा फिरवते, आणि

आणि पुढचं पानच नव्हतं.

कात्र्या थांबल्या.
नरसम्मा म्हणाली, विकून टाकल्या असतील.
अंबूबाई म्हणाली, लावल की!
मेलेल्याला आता कोण कामावरून काढतंय?
लालव्वा म्हणाली, पेन्शन अडकवतील.
यावर सगळ्या गप्प.
पेन्शन हा शब्द त्या ओट्यावर
जागृत देवाच्या नावासारखा घ्यायचे.

पेंटव्वानं विडीचं तोंड नखानं मुडपलं.
"ती अंधारातच बसती," म्हणाली,
"लोकं येतात. साहेब येतो. उंबऱ्याला ठेचकाळतात.
मग एकेक जण खिशात हात घालतो
आणि मेणबत्ती काढतो.
सगळ्यांच्या बुडाला तोच शिक्का."

हसल्या बायका, पदर तोंडात धरून,
आणि हसता हसता लालव्वानं
कारखान्याच्या पानांतून वाचवलेली पुडी
मांडीखाली जराशी आणखी आत सरकवली.

बावीस वर्षांनी, बँकेत लागल्यावर,
पार्क चौकाजवळच्या एका वाचनालयात
अख्खं पुस्तक हाती आलं.
आधी प्रस्तावना वाचली, उगाच, वेळ काढायला.
तो खारवलेल्या माशांच्या वखारीत हिशेब लिहायचा.
माणूस खोटं कुठं बोलतो
ते वजनाच्या वहीत शिकला.
चाळिशीत डोळे गेले.
शेवटच्या गोष्टी त्यानं नुसत्या सांगितल्या,
बहिणीनं लिहिल्या,
लेस विणायची सोडून.
कुठला शेवट कुणाचा, याबद्दल
प्रस्तावनेत एक ओळ नाही.

मग एकशेएकतीस.
छापलेल्या शेवटात ती सगळ्या मेणबत्त्या लावते.
खोलीत लख्ख दुपार होते.
साहेब टोपी काढतो. संपलं.
चांगला आहे शेवट.
मी दोनदा वाचला.
बहिणीचा नसावा, असं वाटलं.

या उन्हाळ्यात कुंभारीला गेलो, विडी घरकुलात.
लाइट गेलेली. पाणी चार दिवसांनी आलेलं,
म्हणून दारात घागरींची रांग.
पेंटव्वाला आता कमी दिसतं, कमी ऐकू येतं,
बोटं मात्र रिकाम्या हवेत वळतच असतात.
मी कानाशी ओरडून शेवट सांगितला.

"सगळ्या लावल्या?"
"सगळ्या."
ती बराच वेळ बोलली नाही.
"मग दुसऱ्या रात्री काय केलं तिनं?"

मला उत्तर नव्हतं. म्हटलं,
पुस्तकाचं नाव लिहून ठेवतो, नातीकडून वाचून घे,
आणि खिशातून पेन काढलं.
तिनं ते हातातून घेतलं,
अंधारात त्याच्या अंगावरून अंगठा फिरवला,
बँकेचं नाव जिथं कोरलेलं असतं तिथं थांबली,
आणि तोंडाशी पदर नेला.