वयाचा रकाना

नोंदवहीत हा रकाना सगळ्यात अरुंद.
दोन आकडे मावतात,
तिसरा लिहायला गेलं की शाई वजनात घुसते.

धारूरच्या घाटाखाली आमचं उपकेंद्र.
चैत्रात कारखान्यांची धुराडी थंडावली की टोळ्या परततात
आणि मी मुली मोजायला बसते.

वर्षाराणी. चौदा पूर्ण. वजन एकतीस.
हिमोग्लोबिन नऊ पॉइंट एक.
हात कोयत्याचा नाही, मोळ्या बांधायचा;
तळव्यावर पाचटाच्या चिरा, उभ्या-आडव्या.
रकान्यात मी रेघ मारते. अजून नाही.

तिची आत्येबहीण ईश्वरी सुट्टीला आलेली, लातूरहून.
औसा रोडला फ्लॅट, क्लासची व्हॅन दारात.
दहा वर्षं, चार महिने.
त्या दिवशी अपूर्णांक शिकवत होते,
सगळ्या उठल्या तरी ही बाकावर बसून राहिली.
"शहाणी झाली आमची," आत्या सांगत होती.
पोरगी पुटपुटली,
"पण मला वीसपैकी आठच पडले."

दोघी एकाच आजीच्या नाती. नाकंसुद्धा सारखी.
मग रक्ताला कोण सांगतं
कुणाच्या ताटात काय पडलं,
कुणी पहाटे तीनला कुठल्या फडावर चूल पेटवली?

माझंच बघा.
वसतिगृहात गेले, अंबाजोगाईला, तेव्हा काटकी होते नुसती.
रोज वरण. बुधवारी अंडं.
डोक्यावर घागर नाही.
दिवाळीच्या आत आली.
थोरली मैना घरी राहिली, पाण्याला.
तिला सोळा सरताना,
आणि सतरा लागायच्या आत अक्षता.

लोहाच्या निळ्या गोळ्यांचं पाकीट मी पुढं करते.
वर्षाराणीची आई, अयोध्या, हात काढत नाही पदराखालून.
"सिस्टर, यानं लवकर येतं का?"
"यानं रक्त भरतं."
"त्येच म्हन्ते मी.
आलं की लोक बघायला येतेत.
अन् कोपीला दार न्हाई. आडोसा म्हंजी उसाचाच,
त्यो बी आमीच तोडतो रोज."

मी शिकलेली. माझ्यापाशी तक्ता आहे, रंगीत चित्रांचा.
कुठं काय असतं ते बाणांनी दाखवलेलं.
त्यात दार नाही.

शेवटी घेतल्या तिनं. गाठ मारली पदराला.
देईल की नाही, कोण जाणे.
मी सही करून घेतली.

बाहेर लिंबाखाली दोघी पाठीला पाठ लावून उभ्या.
चार वर्षांनी धाकटी ईश्वरी
दोन बोटं उंच निघाली.
वर्षाराणीनं मान वळवून खाली पाहिलं, हसली.
म्हणाली, "आधी चपला काढ."