नव्याण्णवांतली

शनिवारी रात्री नऊला पाळकसाहेब मोबाइलवर येतात.
"उद्या हरवलेलं मेंढरू. बोला, मी काय सांगू?"

एलिया म्याकल कारखान्यातूनच बोलला,
खडखडाटात अर्धं गेलं:
"एक धागा तुटला की... अख्खा माग थांबवतो, साहेब."
साहेबांनी लिहून घेतलं. दोनदा अधोरेखित.

मग कुंभारीच्या घरकुलातून रूथमावशी,
कॅमेरा छताकडे, नुसता पंखा दिसतोय:
"त्या नव्याण्णवांना रानात
कुणाच्या भरवशावर सोडलं हो?
मी त्यांतलीच.
धाकटीला शोधत आई पुण्याला गेली,
ते अडीच महिने
रोजच्या हजार विड्या मीच वळल्या.
परतल्यावर मटण तिच्यासाठी."

कुणी आमेन म्हटलं नाही.
साहेबांचं पेन वर, तसंच.

तिकडे एलियानं माग बंद केला.
तेव्हा कुठे ऐकू आली
पान कापणारी कात्री,
मघापासून चालूच असलेली.