मूळ प्रत

घोले रोडच्या आतल्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान.
पुण्यात असूनही दुपारी उघडं असतं,
तेवढंच काय ते माझं कर्तृत्व.

एकोणीस वर्षं लोकांची अक्षरं काचेवर पालथी घालतोय.
चेहरे विसरतो, पानं नाही.
पान हातात आलं की कळतं, हा सुटेल, हा अडकेल,
आणि हा सुटेल, पण त्याला काही येणार नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री शटर अर्धं ओढलं
तरी खालून हात येतात.
"काका, युनिट तीन पूर्ण. काका, लवकर."
गरम पानं छातीशी धरून पोरं पळतात,
जणू ऊब म्हणजेच अभ्यास.

जमुना पावरा त्याच गर्दीतली.
धडगावची. केमिस्ट्री, पहिलं वर्ष.
पहिल्या सत्राला तिनं नेली दोनशे चौदा पानं,
निकालानंतर आली ती
पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची एक प्रत काढायला.
मी रुपया घेत नव्हतो. तिनं तो काचेवर ठेवलाच.
"ती पानं वाचली होतीस का गं?"
विचारायला नको होतं.
म्हणाली, "तीनदा वाचली.
वाचून झाली की पुन्हा कोरी व्हायची."

मी काय सांगणार?
मी स्वतः एस. वाय.ला सोडलेलं,
'सोमवारपासून' म्हणता म्हणता सोमवार संपले.
मशीननं वाया घालवलेल्या पानांचा गठ्ठा होता,
एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला रिकामा.
तो दिला. म्हटलं, पाठीवर लिही.

आठवड्याभरानं आली, हातात मोबाइल.
"काका, सहापर्यंत ठेवाल? मी मागितला तरी देऊ नका."
तेव्हापासून तो माझ्या ड्रॉवरमध्ये,
स्टेपलरच्या पिनांशेजारी गुरगुरत पडलेला,
आणि ती समोरच्या लायब्ररीत, जिन्याजवळच्या टेबलावर.
एका गुरुवारी पाचलाच आली.
चेहरा असा की मी देऊन टाकला.
शुक्रवारी दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही.
तिनं फोन पुढे केला, मी ड्रॉवर उघडला.

परवा दुपारी हेल्मेटवाला एक मुलगा आला,
काउंटरवर रजिस्टर आपटलं.
"काका, चाळीस प्रती. उद्या पेपर आहे."
पहिलंच पान उलटलं, आणि तो तिरका र.
ते अक्षर मी ओळखतो, रुपया मोजणाऱ्या हातासारखं नेमकं.
प्रत्येक पानावर तारीख.
एका मथळ्याखाली नुसतं 'पुस्तक मिटून',
आणि खाली आठवलं तेवढंच, मध्ये मध्ये भोकं,
नंतर लाल शाईनं बुजवलेली.
समासात पेन्सिलीच्या चौकटी:
'हे कळलं नाही.' 'हेही नाही.'
चार दिवसांनी, त्याच चौकटीत:
'इंगवले मॅडमना विचारलं. आधी वाटलं तेवढं अवघड नव्हतं.'
एका इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर
तिच्या घरातला कुठलासा शब्द. मला वाचता आला नाही.

पेन्सिल झेरॉक्समध्ये उमटत नाही.
मी डार्क वाढवला. पान मळलं, चौकटी नाही आल्या.
"राहू द्या हो काका," मुलगा म्हणाला,
"उत्तरं आली ना? बास."
चाळीस गठ्ठे पिना मारून दिले.
जे अडलं होतं ते मूळ प्रतीतच राहिलं.

सहा वाजून चार मिनिटांनी ती आली.
मी फोन दिला. म्हटलं, "आज उशीर?"
"एक रिॲक्शन अडली होती," म्हणाली,
सॅकचा पट्टा खांद्यावर टाकून निघालीसुद्धा.
सुटली का, ते मी विचारलं नाही,
तिनं सांगितलंही नाही.