बरणी क्रमांक सात

बारावी विज्ञान, तुकडी एकच.
प्रयोगशाळेत नळ चार, चालू एक,
आणि खिडकीजवळच्या मांडणीत
फॉर्मॅलिनमध्ये उभा लटकलेला मासा.
लेबलवर कापगते सरांच्याही आधीच्या कुण्या सरांचं अक्षर:
रोहू.

आम्ही तो जर्नलमध्ये काढला.
एचबी पेन्सिल, शेडिंग नको, नावं फक्त उजवीकडे.
मोठ्या बहिणीच्या जर्नलवरून मी काढला,
माझ्यावरून तिघींनी.
माशाकडे पाहायची तशी कुणाला गरज पडली नाही.

धनपाल मारबते उशिरा यायचा.
पहाटे तलावावर जाळं, मग अंघोळ, मग साडेदहाची घंटा.
तरी बोटांना वास राहायचाच.
त्याच्या बाकावर नेहमी जागा असायची.

त्या दिवशी त्यानं बरणी उचलली,
पाचशेची नोट धरतात तशी उजेडात धरली
आणि म्हणाला, "सर, हे रोहू नोय.
मिरगल होय. ओठ पाहा ना, कसे पातळ हायेत.
रोहूच्या ओठाले झालर रायते."

वर्ग हसला. मीही.
सर हसले नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बरणी पाहिली,
लेबल पाहिलं, घड्याळ पाहिलं.
"परीक्षेत रोहूच लिहा," म्हणाले,
"बाहेरून येणाऱ्यांकडे यादी असते."

गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर.
नीटचे जुने पेपर उतरवायला संध्याकाळी सगळे तिथंच,
मोबाईल आभाळाकडे धरून,
खाली देवधानात पाणकोंबड्या.
मी मोठ्यानं पाठ करत होते:
द्रवाचा दाब खोलीनुसार वाढत जातो.
जाळ्याची गाठ सोडवता सोडवता धनपाल म्हणाला,
"तुडुमाजवळ बुडी मार. कान ठणकते ना, थोच."

मी बुडी मारली नाही.
आमच्याकडे मुली पाळीवर बसतात, पाण्यात उतरत नाहीत.
लिहून घेतलं मात्र, समासात:
कान.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा.
नमुना ओळखा, दोन गुण.
माझ्यासमोर बरणी सात.
मी ओठ पाहिले, वर्षभरात पहिल्यांदाच.
पातळ होते.
मी लिहिलं, रोहू. टपोऱ्या अक्षरात.
दोनपैकी दोन.

धनपालचं दाराआडून ऐकलं.
परीक्षक विचारत होते, "हा मिरगल, तर मग रोहू कुठं आहे?"
"तलावात, सर."
उद्धट नव्हता तो.
विचारलं ते सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी कापगते सर पाळीवर आले.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्या पांढऱ्याफटक,
सरांना पोटऱ्या असतील असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.
धनपाल टोपल्यातून एकेक उचलून नाव सांगत होता:
मरळ, शिंगूर, वाघूर, दाडक, बोटरी.
सर जुन्या हजेरीपत्रकाच्या मागे लिहीत होते,
मध्येच थांबवत होते,
"हळू सांग. काय म्हणालास? दाडक?"
आम्हाला सांगतात तसंच, फक्त उलटं.

लेबल बदललं नाही.
डेडस्टॉक रजिस्टरात बरणी सातपुढे रोहू अशी नोंद आहे,
खोडायला प्राचार्यांची सही लागते,
त्यांची सही घ्यायला त्यांचं येणं लागतं.

यंदा काकाच्या मुलीनं माझं जर्नल मागितलं.
द्यायच्या आधी पान एकतीस उघडलं.
नावावरून खोडरबर फिरवलं. कागद फुलला,
तरी मात्रा पुसट दिसतच राहिली.
तिथं दुसरं काही लिहिलं नाही.
म्हटलं, बरणी उचलून बघेल.

बघेलच असं नाही.
खाली सरांची लाल सही आहे,
आणि तिला दोन गुण हवे आहेत,
मला हवे होते तसेच.